सिस्टर, तुमचं गाव कोणतं?

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाईंना गुलाबाचं फूल मिळतं, एखादं भाषण होतं, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘ओ सिस्टर, सलाइन संपलं’ सुरू होतं.

आज या सिस्टरची गोष्ट जरा मागे जाऊन ऐकू या. आपल्या पेण-रोह्यात बाळंतपण दवाखान्यात झालेल्या बऱ्याच जणींच्या आठवणीत अशी एखादी सिस्टर असते, जिचं मराठी थोडं वेगळं होतं. क्रियापदं इकडची तिकडे व्हायची, पण हात अचूक पडायचा. पहाटे तीन वाजता कळा असह्य झाल्या तेव्हा आई दाराबाहेर होती, सासू बाकड्यावर पेंगत होती आणि हात धरून उभी होती ती ही बाई. आपण तिला सिस्टर म्हणालो, कोणी ‘मद्रासीण’ म्हणालं. तिचं नाव मात्र किती जणींना आठवतं?

अशा बाहेरून आलेल्या माणसांचा आपल्या रोजच्या आरोग्यात केवढा वाटा आहे, हे आज सांगायचं आहे. आणखीही एक गोष्ट सांगायची आहे. त्यांना इथे यावं लागलं, कारण ते काम करायला आपण आपल्या मुलींना पाठवत नव्हतो.

लस आली ती बगदादवरून

सुरुवात देवीपासून करू. देवीच्या साथीत गावंच्या गावं ओस पडत. जे वाचत त्यांच्या तोंडावर व्रण राहत, कित्येकांचे डोळे जात. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीपासून लस शोधली. पण ती हिंदुस्थानात आणायची कशी? तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या आणि उन्हात लस मरून जायची. मग एकाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस दुसऱ्याला टोचायची, त्याच्या फोडातली तिसऱ्याला, अशी माणसांची साखळी करून ती बगदादला, तिथून बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी काढली गेलेलं हे पहिलं मूल. पुढे तिच्या दंडावरची लस इतर मुलांना आणि तिथून देशभर गेली.

म्हणजे आपल्याकडची पहिली लसदेखील परगावाहून, माणसांच्या हातांवरून प्रवास करत आली. आपल्या आज्या ‘देवी काढल्या’ म्हणून दंडावरची खूण दाखवायच्या, त्या खुणेचा उगम इतका लांबचा आहे.

बाळंतिणीची खोली

देवीची लस आली, पण बाळंतिणीला कोणी हात लावायचा हा प्रश्न तसाच राहिला. कोकणातलं जुनं बाळंतपण आठवा. घरातली अंधारी खोली, शेगडीचा धूर, बाजेवर बाई आणि जवळ सुईण. अनुभवी सुईण हजार बाळंतपणं केलेली असे, तिच्या हाताला बरंच कळे. पण मूल आडवं आलं किंवा रक्त थांबेना, की तिचेही हात टेकत. सोयर पाळायचं म्हणून घरची माणसं दूर राहत. नाळ कापणं, विटाळाचे कपडे धुणं हे काम हलकं ठरलेलं आणि ते करणारीही हलकी ठरलेली. डॉक्टर असलाच तर पुरुष, आणि पुरुषाला दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मानणारी घरं कमी नव्हती.

आनंदीबाई जोशी याच जगातून वर आल्या. गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीमुळे त्या काही काळ आपल्या अलिबागलाही राहिल्या होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत ते गेलं. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हा त्यांचा निश्चय त्यातून पक्का झाला. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. तिथे न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखं ठेवून घेतलं. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. परत येऊन काम सुरू करण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. वय होतं जेमतेम एकवीस.

ज्या वर्षी आनंदीबाई पश्चिमेला निघाल्या, त्याच वर्षाच्या शेवटी एक बाई उलट दिशेने मुंबईत उतरली. तिचं नाव एडिथ पीची.

मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी होते. घोड्यांची ट्राम चालवणाऱ्या कंपनीत त्यांची भागीदारी होती. ते आणि सोराबजी शापुरजी बंगाली या दोघांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या औषधोपचारासाठी निधी उभा केला. विलायतेहून बाई डॉक्टर आणायची आणि बायकांसाठी वेगळं हॉस्पिटल काढायचं, असं ठरलं. इमारतीला पैसे दिले पेस्तनजी होरमसजी कामा यांनी. हेच आपलं कामा हॉस्पिटल, १८८६ साली सुरू झालेलं. पारशी दाता, अमेरिकन व्यापारी, इंग्रज डॉक्टरीण आणि समोर मराठी, गुजराती, मुसलमान बायका. मुंबईतल्या बायकांच्या दवाखान्याची सुरुवात अशी झाली.

पीचीबाईंना डॉक्टर होणं काही सोपं गेलं नव्हतं. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या पहिल्या सात मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती नाकारली गेली. नोव्हेंबर १८७० मध्ये परीक्षेला जाणाऱ्या या मुलींवर मुलांच्या जमावाने चिखल फेकला आणि दार अडवलं. ज्या देशातून त्या आल्या तिथेही त्या उपऱ्याच होत्या म्हणा ना!

इथे आल्यावर त्यांनी आधी हिंदी शिकून घेतली. कारण दुखतंय कुठे, हे बाईने सांगायचं तर ते तिच्या जवळच्या भाषेत हवं. कामा हॉस्पिटलात त्यांनी परिचारिकांना शिकवायला सुरुवात केली. बाई डॉक्टरला पुरुषाइतकाच पगार हवा, हे ठणकावून सांगितलं. बालविवाहाविरुद्ध जाहीर भाषणं दिली. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला नकार दिला आणि १८८७ मध्ये कोर्टाने ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असं फर्मावलं, तेव्हा त्यांच्या बाजूने उभं राहिलेल्यांत पीचीबाई होत्या. पुढे तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरतेला आणि राजकोटला आयुष्यभर बायकांना औषधपाणी केलं.

बाहेरून आलेल्या डॉक्टरचं मोठेपण तिने किती रोगी तपासले एवढ्यावर ठरत नाही. तिच्या पाठोपाठ इथल्या किती मुली त्या कामाला उभ्या राहिल्या, यावर मला ते जास्त ठरतं असं वाटतं.

‘सिस्टर’ हा शब्द

डॉक्टरीण आली, पण रात्रभर खाटेजवळ बसायचं कोणी? मलमपट्टी, बेडपॅन, आंघोळ घालणं, ताप मोजणं हे कोणी करायचं? १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या ऑल सेंट्स या संस्थेच्या धर्मभगिनी, म्हणजे नन, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत हे काम करू लागल्या. आपण ज्या सहजतेने ‘सिस्टर’ म्हणतो, तो शब्द अशा धर्मभगिनींपासूनच दवाखान्यात शिरला. पुढे नन गेल्या, शब्द राहिला.

त्यांच्या हाताखाली शिकायला सुरुवातीला कोण आलं? अँग्लो-इंडियन मुली, ख्रिस्ती मुली, पारशी मुली, बेने इस्राएल मुली. हिंदू घरांतून आल्या त्या बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या, ज्यांच्याकडे दुसरा आधार नव्हता. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणाच्याही जातीचा मळ काढायचा, हे ‘चांगल्या घरच्या’ मुलीचं काम नव्हे अशी समजूत होती. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा घराघरांतून त्यांना केवढी समजूत घालावी लागली असेल! सेवासदन निघालं १९०९ साली. म्हणजे कामा हॉस्पिटल सुरू होऊन वीस वर्षं उलटून गेल्यावरही, नर्स होणं म्हणजे नाक कापणं असंच अनेकांना वाटत होतं.

आपल्याच खाडीकाठचे

वर बेने इस्राएल मुलींचा उल्लेख आला. हे लोक तर आपल्याच जिल्ह्यातले. पेण, रोहा-अष्टमी, अलिबाग, रेवदंडा या गावांतून त्यांची वस्ती होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. घरात बोलायची भाषा मराठी. बाहेरून आलेला माणूस गावाचं नाव लावून गावाचा होतो, याचं आणखी चांगलं उदाहरण शोधायला कुठे जायचं?

हे लोक मुंबईला शिकायला, नोकरीला गेले आणि त्यांच्या मुली शाळेतल्या बाई झाल्या, नर्स झाल्या, डॉक्टर झाल्या. अलिबागजवळच्या झिराड गावाचं नाव लावणारे झिराड घराणे त्यांतलंच. डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्राच्या एम.डी. झाल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. जिथे एकदा इंग्लंडहून आलेली बाई बसत होती, त्याच जागी रायगडच्या मातीतलं आडनाव लावणारी बाई बसली.

झिराडबाईंनी केलेलं एक काम आपण बायकांनी विसरता कामा नये. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, याचा त्यांनी बारकाईने तपास केला आणि १९४१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. बाळंतीण दगावली की ‘देवाची मर्जी’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती. झिराडबाईंनी विचारलं, रक्त कमी होतं का, दवाखान्यात उशिरा आणली का, आधी कोणी तपासली होती का? आज आशाताई गरोदर बाईचं कार्ड भरते, रक्त तपासायला लावते, वजन लिहिते, त्यामागे असेच प्रश्न आहेत. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत हे लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांत गिरणी कामगार होते, कारकून होते, मास्तर होते, नर्सही होत्या. तिथे गेल्यावर मात्र त्यांना ऐकावं लागलं की तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नाच्या नोंदीत अडथळे आले. त्यांनी धरणी धरली, उपोषणं केली, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण बरोबरीचे यहुदी म्हणून मान्य केलं. हे लोक तिथेही मराठी बोलत राहिले, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. पेण-रोह्याची आडनावं लावणाऱ्या माणसांना परक्या देशात उपरं ठरवलं गेलं हे ऐकलं, की आपल्याला वाईट वाटतं. मग आपल्या दवाखान्यात आलेल्या परगावच्या मुलीला काय वाटत असेल, हे समजायला वेळ लागू नये.

प्लेगची साल

आता १८९६ सालात जाऊ. सप्टेंबर महिना. मुंबईत मांडवी भागात लोक तापाने फणफणत होते, काखेत आणि जांघेत गाठी येत होत्या. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणजे मुंबईत ते परमुलखातूनच आलेले. त्यांनी वस्तीत फिरून रोगी तपासले आणि सरकारला सावध केलं. लोक घाबरले आणि जमेल त्या वाटेने गावी पळाले. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. चाकरमानी म्हणजे कोकणी माणूस, तो कुठे जाणार? बोटीने, मचव्याने आपल्या बंदरांकडे. त्याच्या मागून भीतीही आली.

लस शोधायला सरकारने ज्यांना बोलावलं ते वाल्देमार हाफकिन काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात जन्मलेले यहुदी. पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या संस्थेत काम करून, कॉलऱ्याची लस घेऊन ते हिंदुस्थानात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका अपुऱ्या जागेत त्यांनी रात्रंदिवस काम केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली गेली आणि गुण दिसला. त्यानंतर ती लाखो लोकांना टोचली गेली.

पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वाताने दगावली आणि सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. चूक मुंबईच्या प्रयोगशाळेतली नव्हती, गावात बाटली उघडताना घडलेली होती, हे बाहेर यायला आणि त्यांचं नाव मोकळं व्हायला १९०७ उजाडलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञांना त्यासाठी वर्तमानपत्रातून भांडावं लागलं. पुढे १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव मिळालं. पोलिओचे थेंब याच हाफकिन संस्थेच्या आवारातून निघून आपल्या पोरांच्या तोंडात पडले.

बाहेरच्या माणसाचं हे असं असतं. काम बरोबर झालं तर सगळ्यांचं, चुकलं तर त्याचं एकट्याचं. मुलकोवालला दोष कोणाचा हे बघायच्या आधीच त्याला परका ठरवून झालं होतं.

मिरजेहून शिकलेल्या

दक्षिण महाराष्ट्रात मिरजेला विल्यम वॉन्लेस नावाचे डॉक्टर आले. जन्म कॅनडातला, अमेरिकन मिशनतर्फे १८८९ साली ते हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं. शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून लोक बैलगाडीने, आगगाडीने तिथे येऊ लागले. १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकशिक्षणाचा वर्ग सुरू केला. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचं मूळ या माणसात आहे. त्यांच्या नावाची वॉन्लेसवाडी आजही आहे. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात लपवण्यासारखं काही नाही आणि त्यावर तेव्हाही वाद झाले. पण तिथून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी आणि नर्सनी महाराष्ट्राच्या गावोगावी जे काम केलं, ते सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी होतं.

केरळची गाडी रोह्यावरून जाते

आता आपल्या डोळ्यांसमोरच्या सिस्टरकडे येऊ. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. तेव्हा अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेल्या परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे अंदाजे ४३,००० माणसांमागे एक! स्वातंत्र्यानंतर दवाखाने वाढले, खाटा वाढल्या. खाटांजवळ उभं राहायला कोण होतं? त्रावणकोर-कोचीनच्या, म्हणजे आजच्या केरळच्या मुली.

त्याच का? तिकडे मुली आधीपासून शाळेत जात होत्या. घरची जमीन थोडी आणि भावंडं खूप. नर्सिंग शिकताना विद्यावेतन मिळायचं, म्हणजे मुलगी शिकत असतानाच घरावरचा भार हलका व्हायचा. पण तिकडे तरी हे काम मानाचं होतं असं समजू नका. नर्स झालेल्या मुलीचं लग्न जमत नाही, असं तिथेही बोललं जायचं. या मुली ते बोलणं अंगावर घेऊन निघाल्या. मुंबई, पुणे, दिल्ली आणि १९६० नंतर थेट जर्मनी, मग आखाती देश. त्यांच्या पगारावर धाकटी भावंडं शिकली, बहिणींची लग्नं झाली, घरांवर कौलं चढली.

आपल्याकडचा एक योगायोग बघा. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून पुढे सुरू होते. २६ जानेवारी १९९८ ला हा मार्ग पूर्ण सुरू झाला. त्याआधी केरळहून मुंबईला येणारी मुलगी आंध्र, सोलापूर, पुणे असा मोठा वळसा घालून यायची. आता तिची गाडी आपल्या कुंडलिकेवरून, पेणच्या मिठागरांच्या बाजूने जाते. रात्री झोपेत आपण जी शिट्टी ऐकतो, त्या गाडीत खिडकीशी बसलेली एखादी वीस-बावीस वर्षांची मुलगी पहिल्या नोकरीवर निघालेली असते. ट्रंकेत दोन पांढरे ड्रेस, प्रमाणपत्रांची फाइल आणि डोक्यात हिशेब, पहिल्या पगारातून घरी किती पाठवायचे.

इथे आल्यावर ती काय शिकते? ‘दुखतंय का’, ‘कुशीवर वळा’, ‘लघवी झाली का’, ‘घाबरू नका’. बाईच्या कामाचं मराठी ती आधी शिकते, बाजाराचं नंतर. आपल्यापैकी किती जणींना मल्याळममधलं एक तरी वाक्य येतं? भाषेचं सगळं ओझं तिनेच उचललेलं असतं.

कौतुक म्हणजे काय?

परगावहून आलेल्या परिचारिकेची गोष्ट सांगताना अरुणा शानभाग यांचं नाव टाळता येत नाही. त्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईला येऊन के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका झाल्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम संपवून कपडे बदलायला गेल्या असताना तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. मेंदूला कायमची इजा झाली. त्या पुढची जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्या त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या. आणि त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली ती तिथल्या परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. ज्यांनी त्यांना कधी धडधाकट पाहिलंही नव्हतं, त्या नव्या मुलींनीही हा वसा सोडला नाही. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. निजलेल्या रोग्याची सेवा केलेल्या बाईला विचारा, म्हणजे या एका वाक्याचं वजन कळेल. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांची सेवा गौरवली.

हा गौरव योग्यच आहे. पण त्यामागचा प्रश्न सुटलेला नाही. १९७३ मध्ये परिचारिकांनी संप केला तो फुलांसाठी नव्हता, कपडे बदलायला सुरक्षित खोली मिळावी, रात्रपाळीला धोका नसावा यासाठी होता. आज आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यांत रात्री नर्सला बसायला कडी लागणारी खोली आहे का? व्हरांड्यात दिवा आहे का? रोगी दगावला की नातेवाईक आधी कोणावर धावून जातात?

करोनाचे दिवस फार जुने नाहीत. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत परिचारिका मोठ्या संख्येने आजारी पडल्या, त्यांत केरळच्या पुष्कळ होत्या. मे महिन्यात महाराष्ट्राने केरळ सरकारकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका पाठवा म्हणून विनंती केली. आपण बाल्कनीतून थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत कितीतरी ठिकाणी नर्सना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली, सोसायटीच्या फाटकावर अडवलं. थाळी वाजवणारे हात आणि फाटक लावणारे हात काही वेळा एकच होते.

म्हणून मला वाटतं, कौतुक करायचं तर ते रोजच्या गोष्टींत दिसलं पाहिजे. परगावची नर्स खोली बघायला आली तर ‘एकटी बाई, तीही परप्रांतीय’ म्हणून दार लावू नका. रुग्ण कल्याण समितीत कोणी ओळखीचं असेल तर नर्सच्या खोलीचा, दिव्याचा, कडीचा विषय काढा. खाजगी दवाखान्यात रात्रंदिवस राबणाऱ्या मुलीला महिन्याला हातात किती पडतात, हे विचारायला लाजू नका. आपण बिल भरतो, मग तो पैसा खाटेजवळच्या माणसापर्यंत पोचतो का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आणि आपल्या मुली? पेण, रोहा, सुधागड, माणगावच्या मुली आता नर्सिंगला जातात, एएनएम होतात, कोणी आखातात जाते, कोणी इंग्लंडला. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली, तेव्हापासून ती परदेशातून आलेल्या डॉक्टर-नर्सच्या आधारावर उभी आहे, आणि त्यांत आपल्या देशातले लोक फार मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे उद्या लंडनच्या एखाद्या वॉर्डात रोह्याची मुलगी मोडक्यातोडक्या उच्चारात कोणा म्हातारीला ‘घाबरू नका’ म्हणत असेल. त्या म्हातारीने तिला नावाने हाक मारावी, असं आपल्याला वाटेल ना?

मग पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, की सलाइन संपल्याचं सांगायच्या आधी एकदा विचारा, ‘सिस्टर, तुमचं नाव काय? गाव कोणतं?’ गावाचं नाव तोंडात बसलं नाही तर पुन्हा विचारा. आपली पेणकर, रोहेकर मंडळी परमुलखात गेली, तेव्हा गावाचं नाव आडनावात घेऊन गेली. तिच्याही नावामागे एक गाव आहे.